पूर्वीचा शेरा कायम

अन्याय पेशकारसाहेबांवर झाला. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशीची कर, सकाळी अकराचा सुमार. जागा : हिंगोली, गावातलं एक वाचनालय. वाचनालयाचं नाव छापत नाही. ज्यांनी अन्याय केला त्यांना पत्ता सांगायची गरज नाही, आणि बाकीचे वर्गणी भरायला तिथंच जातात. कार्यकारिणीने ठराव करून पेशकारसाहेबांचं सभासदत्व रद्द केलं. ठरावात कारण दिलं आहे : "पुस्तके खराब करणे."

पुस्तकं त्यांनी खराब केली नाहीत. वाचली, आणि वाचून काय वाटलं ते पुस्तकातच लिहून ठेवलं.

पेशकार हे त्यांचं आडनाव नव्हे. निजामाच्या राजवटीत तहसीलदारापुढे फायली मांडणाऱ्याला पेशकार म्हणत. राजवट गेली, हुद्द्याचं नाव अव्वल कारकून झालं, पुढे साहेब निवृत्तही झाले, पण गाव त्यांना पेशकारसाहेबच म्हणत राहिलं. खरं नाव छापू नको अशी त्यांनी मला ताकीद दिली आहे. "नाव छापलं की लोक आधी जात बघतात, मग मजकूर वाचायचं राहून जातं," असं ते म्हणाले. म्हणून नाव नाही.

त्यांची शाळा उर्दूतून झाली. घरात मराठी बोलायची, कचेरीत उर्दू लिहायची, असा त्यांचा निम्मा जन्म गेला. छप्पन साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हुकूम आला की यापुढे सगळी टिपणं मराठीत. साहेब तेव्हा चाळिशीच्या पुढे. त्यांना मराठीत भांडता येई, अभंग म्हणता येत, बाजार करता येई. लिहायला बसलं की हात उजवीकडून सुरू होई. मग त्यांनी वाचनालयाचं कार्ड काढलं आणि सरावासाठी कादंबऱ्या आणू लागले. कादंबरी वाचायची आणि तिच्यावर मराठीत टिपण लिहायचं. आता टिपण लिहायचं कसं, याचा नमुना म्हणून त्यांच्यापुढे होती ती सरकारी परिपत्रकं. त्यामुळे हा माणूस मराठी लिहायला शिकला तो थेट शेराच लिहायला शिकला. कचेरीचं काम निभावलं, सराव पुरा झाला, पण सवय गेली नाही.

शेरा ते पुस्तकाच्या शेवटी लिहीत, छपाई संपलेल्या पानाच्या कोऱ्या पाठीवर. कार्यकारिणीचं म्हणणं, हा मुद्दाम केलेला चावटपणा. मुद्दाम काही नव्हतं. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं. साहेबांच्या हाताला तेच वळण. मराठी पुस्तक हातात आलं की त्यांचा अंगठा मागच्या पुठ्ठ्याखाली जाई, आणि आपण ज्याला शेवटचं पान म्हणतो ते त्यांना पहिलं भेटे. वर कचेरीची शिस्त अशी, की फाईल हातात आली की आधी शेवटचा कागद बघायचा, हुकूम तिथं असतो. म्हणून ते प्रत्येक कादंबरीचा शेवट आधी वाचत आणि मग तो हुकूम कुठल्या कारणांवरून निघाला हे तपासायला पहिल्या पानावर जात.

त्यांचे काही शेरे मला पाठ आहेत. तेव्हा वाचनालयातून पुस्तक आणलं की आम्ही पोरंही आधी मागूनच उघडायचो.

एक सामाजिक कादंबरी होती. नायिका खोकत खोकत मरते, गावातल्या बायका ती वाचून रडायच्या. साहेबांचा शेरा : "नायिका क्षयाने मयत. खोकला पान चाळीसवर सुरू. डॉक्टर पान दोनशेवर. मधल्या काळातील हलगर्जीबद्दल नवऱ्याचा खुलासा जोडलेला नाही."

एक जाडजूड ऐतिहासिक : "लढाया समाधानकारक. घोडे दौडतात, कोठेही पाणी पीत नाहीत."

शहरातल्या लेखकाने खेड्यावर लिहिलेली : "या गावात तलाठी नाही, पोस्टमन नाही, मास्तर नाही. सर्व लोक दिवसभर बोलतात. असे गाव असल्यास जिल्हा कळवावा."

एका थोर माणसाचं चरित्र : "चरित्रनायकास एकही दोष आढळला नाही. अर्ज अपूर्ण. परत."

युरोपच्या प्रवासाचं पुस्तक : "लेखक तिकडे जाऊन घरच्या लोणच्याची आठवण काढतात. घरी बसून काढता आली असती. प्रवासभत्ता नामंजूर."

कविता ते वाचत नसत. एकदा ग्रंथपालांनी चुकून एक संग्रह दिला, तर पाठीवर एवढंच : "कागद शिल्लक असताना ओळी अर्ध्यावर सोडल्या आहेत."

या माणसाला मी भेटलो तो भांडायला. कॉलेजात होतो, संघटनेची पत्रकं लिहीत होतो, आणि क्रांतिकारकावरची एक कादंबरी वाचून मला झोप लागत नव्हती. पुस्तकाच्या मागे शेरा : "नायक अन्यायाने पेटलेला आहे. चारशे पाने पेटलेला आहे. आईस किती दिवसांत भेटला नाही याचा हिशेब लेखकाने ठेवलेला नाही." मी तडक पोस्टाच्या मागच्या गल्लीत गेलो. साहेब ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. बायको वारलेली, मुलगी डोंगरकडा गावी दिलेली. मी विचारलं, क्रांतीशी आईचा काय संबंध?

"तुझी आई हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"कव्हा भेटला?"

मी दिवस मोजू लागलो.

"बस," ते म्हणाले. "तांदूळ निवडू लाग. खडे निवडायचे, तांदूळ न्हाई. तुमी पत्रकवाले दोन्ही फेकता."

मी त्यांना माझं ताजं पत्रकही दाखवलं. चुकलो. दुसऱ्या दिवशी ते पाठीवरच्या शेऱ्यासकट परत आलं : "धिक्कार चार वेळा केला आहे. एकदाच करावा, नीट करावा." तेव्हापासून मी एकदाच करतो.

आमच्या बुद्धवाड्यात त्या काळी वाचणारी पोरं-पोरी बरीच होती, पण वाचनालयाचं कार्ड कोणाकडे नव्हतं. नियम असा की जुन्या सभासदाने जामीन राहिल्याशिवाय नवं कार्ड नाही. जुने सभासद आमच्या नावांपुढे सही करायची म्हटलं की चष्मा घरी विसरलेले असायचे. पेशकारसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि आमच्या सगळ्यांच्या अर्जांवर सह्या केल्या. माझ्या अर्जावर शेराही मारला : "पुस्तक परत करील. मत परत करणार नाही. जामीन मंजूर." ग्रंथपाल म्हणाले, साहेब, एकाने इतक्या जणांना जामीन राहायचं नसतं. साहेब म्हणाले, "नियम दाखवा." नियम नव्हता. कार्डं मिळाली. कार्यकारिणीच्या डोळ्यांत ती तेव्हाच खुपली होती, असं माझं मत आहे. पुरावा नाही, मत आहे.

तर सिद्धेश्वर धरणाची गोष्ट. एका कादंबरीत नायिका सासूला कंटाळून धरणात उडी घेते. धरणाचं नाव नव्हतं, पण साहेबांनी वर्णनावरून ठरवलं की हे पूर्णेवरचं सिद्धेश्वर. लेखक म्हणतो, ती रात्री भिंतीवर चढली आणि कोणी पाहिलं नाही. साहेबांना हे पटेना. "सरकारी धरण हाय. चौकीदार काहून न्हाई?" एका सकाळी आम्ही एस.टी.ने निघालो. तिकिटं त्यांनी काढली म्हणून मी सोबत होतो.

साहेब भिंतीच्या कडेला उभे राहून खाली वाकून बघू लागले. चौकीदार धावत आला. म्हातारा, खाकी शर्ट, खाली धोतर.

"ओ साहेब, मागं सरा! काय करून राहिले?"

"एक बाई इथं बुडाली. त्याची पाहणी करून राहिलो."

चौकीदाराचं तोंड उतरलं. "बाई? कव्हा?"

"पान दोनशे अकरा."

"कोणत्या गावची?"

"लेखकानं लिहिलं न्हाई. तेवढीच तर तकलीफ हाय."

चौकीदार माझ्याकडे बघू लागला. मी खाली पाण्यात मासे धरणाऱ्यांकडे बघू लागलो.

"मला सांगा," साहेब म्हणाले, "रात्री एकटी बाई इथवर आली, तर तुमी काय कराल?"

"काय म्हंजे? बसवीन. च्या पाजीन. माझी बायको हाय की खोलीवर, तिच्यापाशी झोपवीन. सकाळच्या गाडीनं धाडीन माहेरी."

"बराबर," साहेब म्हणाले, आणि परतीच्या गाडीला हात केला. शेरा असा पडला : "स्थळपाहणी केली. चौकीदार हजर व भला. नायिका वाचू शकत होती. लेखकाने चौकीदार रजेवर दाखवावा किंवा नायिका जिवंत." पुढे कित्येक दिवस ते त्या बाईबद्दल बोलताना ती माहेरीच आहे असं धरून बोलत.

ते नेहमी बरोबर असत असं मी म्हणत नाही. विनोदी पुस्तकांवर ते "तक्रारीत तथ्य नाही" असं लिहीत. भुताच्या एका कादंबरीवर त्यांनी भुताचं वय मागितलं होतं. हेरकथा तर त्यांना झेपतच नसे, कारण खुनी आधीच माहीत, आणि मग त्याला पकडायला पोलिसांना इतका वेळ का लागला यावर पाठीवरची जागा संपे.

एकच पुस्तक मला आठवतं ज्यावर त्यांनी काही लिहिलं नाही. पातळसं होतं, एका बाईने आपल्या संसाराबद्दल लिहिलेलं. चूल, बाळंतपणं, गेलेली लेकरं, एवढंच. साहेबांनी ते उशिरा परत केलं, दंड भरला. मी मागून उघडलं तर कोरं. विचारलं, शेरा?

"आपला अधिकार न्हाई त्यावर," ते म्हणाले.

आता मूळ प्रकरण.

वाचनालयाचे अध्यक्ष वकील. त्यांनी स्वतःच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, स्वतःच छापलं आणि वाचनालयात दर्शनी कपाटात काचेमागे लावलं. पुस्तकाचं नाव सांगत नाही, खप वाढेल. निजामाविरुद्धच्या लढ्यात आपण काय काय केलं याच्या त्या आठवणी. मधलं मोठं प्रकरण नाक्याचं. गावाबाहेर निजामाचा करोडगिरी नाका होता, येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घ्यायचा. तो एका रात्री जळाला, हे गावाला माहीत आहे. कोणी जाळला हे कोणी कधी बोललं नाही. ज्यांनी जाळला ते तसेच निघून गेले, काही परत आले नाहीत. पुस्तकात तो अध्यक्षांनी जाळला. हातात पलिता, तोंडात घोषणा, खाली घोडा. मग पोलीस मागावर, मग पावसात ज्वारीच्या उभ्या पिकात लपणं, आणि शेवटच्या पानावर तिरंगा फडकतो तेव्हा ज्वारीतून बाहेर येणं.

पेशकारसाहेबांनी ते पुस्तक घरी नेलं, परत आणलं, आणि मागच्या कोऱ्या पाठीवर शेरा लिहिला : "कादंबरी उत्तम. लेखकाची कल्पनाशक्ती जबर. आग डोळ्यांपुढे दिसते. सर्वांनी वाचावी अशी शिफारस."

मी तो वाचला आणि पळत गल्लीत गेलो.

"साहेब, ती कादंबरी नाही. आठवणी आहेत. आत लिहिलंय तसं."

"कादंबरीत पन लिहितात तसं. खरी गोष्ट म्हणून सांगतात. त्याची गंमत असते."

"म्हणजे त्यांनी नाका जाळला नाही?"

"अरे, तो कसा जाळील? तव्हा ते लोक आमच्या शेजारी राहायचे. पोरगं कॉलेजातून सुट्टीला आलं अन् गालगुंड झालं. दोन्हीकडं. हा एवढा चेहरा. आमच्या घरून हळदीचा लेप जायचा. पेज गिळता येत न्हवती, घोषणा कुठून देईल? नाका जळाल्याचा पंचनामा लिहून मी घरी आलो, तर बायको लेपच कालवीत बसलेली."

माझ्या डोक्यात पत्रकाचं शीर्षक तयार झालं. मी म्हणालो, उद्या छापतो. साहेब पहिल्यांदा माझ्यावर ओरडले.

"काय छापतो? मानूस पडून होता अंथरुणात, तोंड उघडत न्हवतं, अन् त्यानं हे सगळं मनानं उभं केलं. घोडा उभा केला! त्यांच्या घरात बकरी न्हवती. तू त्याला खोटा म्हणून राहिला. मी त्याला लेखक म्हणून राहिलो. फरक हाय."

मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. हसू नव्हतं. ते खरंच भारावले होते की तेहतीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाचा तो चेहरा होता, हे मला आजही सांगता येत नाही. पत्रक मी छापलं नाही.

पण शेरा गावाने वाचला. मागून उघडायची सवय एव्हाना सगळ्यांना लागली होती. बाजारात लोक अध्यक्षांना म्हणू लागले, "वकीलसाहेब, कादंबरी लई झ्याक!" अध्यक्षांनी पेशकारसाहेबांना कार्यकारिणीपुढे बोलावलं. आमच्या कार्डांचे जामीनदार तेच, म्हणून आम्ही काही जण दारात उभे राहिलो.

"पेशकारसाहेब, हे काय लिहिलंत?"

"शेरा."

"माझ्या आठवणींना कादंबरी म्हणता?"

"उत्तम म्हटलंय. उत्तम मी आजवर कुनाला दिलेलं न्हाई. कपाटं उघडून बघा."

"अहो, मी जगलोय ते!"

"व्हय, वाचताना तसंच वाटतं. त्याचंच कौतुक लिहिलं."

कोषाध्यक्ष मध्ये पडले. "निजामाची चाकरी केलेल्या माणसाने स्वातंत्र्यसैनिकावर शेरे मारायचे?"

"चाकरी केली," साहेब म्हणाले. "पंधरा ऑगस्टलाही कचेरीत गेलो. ते माझ्या पुस्तकात येईल, मी लिहिलं तर. हे त्यांचं पुस्तक हाय."

अध्यक्ष उठून उभे राहिले. "त्या रात्री मी कुठे होतो, हे तुम्हाला काय ठाऊक?"

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. अगदी मायेने विचारलं, "सांगू?"

अध्यक्ष बसले. पाणी प्यायले. आवाज खाली आला. म्हणाले, हे बघा, वयाने मोठे आहात, आम्हाला वाद नको. 'कादंबरी' एवढा एक शब्द खोडा, त्याजागी 'सत्यकथन' लिहा, सही करा, विषय संपला.

साहेब म्हणाले, शेरा खोडता येत नाही. खाडाखोड केली की कारण द्यावं लागतं. प्रकरण माझ्याकडे रीतसर परत पाठवा, फेरविचार करतो.

ठराव झाला. पुस्तक पेशकारसाहेबांकडे फेरविचारासाठी गेलं. वाचनालयांच्या इतिहासात असं कुठं झालं असेल तर मला कळवा. साहेबांनी ते पूर्ण मुदत ठेवलं. आम्ही रोज ओट्यावर जाऊन बसायचो. आमच्यातल्या एकीने स्पष्टच सांगितलं, "काका, लिहून टाका ना सत्यकथन. तुमचं कार्ड गेलं तर आमची पन जातील. एका शब्दानं काय व्हतं?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना ते समजत होतं, समजत नव्हतं असं कोणी म्हणू नये. म्हणाले, "पोरी, तुझ्या अर्जावर मी लिहिलं की ही पुस्तक परत करील. त्यांनी ते खरं मानलं. काहून मानलं? मी खोटा शेरा मारत न्हाई म्हणून. आता एक मारला, तर तुझ्या अर्जावरचा पन तसाच झाला."

ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली, पण त्यावर पुन्हा बोलली नाही.

पोळ्याच्या करीला सकाळी साहेबांनी पुस्तक कार्यकारिणीच्या टेबलावर ठेवलं, आम्ही पुन्हा दारात. पहिल्या शेऱ्याखाली दुसरा होता : "पुन्हा वाचली. पहिल्या वेळी घाईत काही गुण नजरेतून सुटले होते. घोडा अप्रतिम. ज्वारीतील प्रसंग वाचताना अंग भिजते. कादंबरी. पूर्वीचा शेरा कायम."

ठराव तिथल्या तिथं झाला. साहेबांच्या पिशवीत एक अर्धी वाचलेली कादंबरी होती, ती काढून घेतली. कार्ड घेतलं. मग कोषाध्यक्षांनी आम्हा दारातल्यांकडे वळून सांगितलं की जामीनदार सभासद राहिला नाही, सबब जामीनही राहिला नाही, तुमचीही कार्डं ठेवा. आम्ही ठेवली. बुद्धवाड्यातलं एकही कार्ड त्या दिवशी दुपारनंतर उरलं नाही. धिक्कार करायचा तो इथं करतो. एकदाच.

यानंतर कार्यकारिणीने जे केलं ते मूर्खपणाचं होतं, आणि त्याचा त्रास ज्यांना बुद्धवाडा माहीत नाही त्यांनाही झाला आहे. ठरवलं की पेशकारांचे सगळे शेरे पुस्तकांतून काढायचे. ग्रंथपालांना दाढीचं पातं आणून दिलं. ग्रंथपाल अध्यक्षांना म्हणाले, साहेब, एकदा बघून घ्या, ही पानं... त्यांना सांगितलं, कापा. त्यांनी कापली. शेरा होता छापील पानाच्या पाठीवर. पाठ कापली की पोट राहत नाही. प्रत्येक कादंबरीचं शेवटचं पान गेलं.

गावातल्या कादंबऱ्यांना तेव्हापासून शेवट नाही. नायिका गाडीत बसते आणि गाडी सुटत नाही. कोर्टात न्यायाधीश निकाल वाचायला चष्मा लावतात आणि संपलं. लोक आधी चिडले, मग पोस्टामागच्या गल्लीत यायला लागले, कारण शेवट माहीत असलेला माणूस एकच. कापड दुकानदाराची सून एका संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून विचारत होती, "काका, ती निळ्या पुठ्ठ्याची हाय ना, त्यात ती परत नांदायला गेली का?"

"गेली."

"सुखी झाली?"

"लेखक म्हणतो झाली. चौकशी व्हायला पाहिजे."

अध्यक्षांच्या पुस्तकातलंही शेवटचं पान गेलं. तिरंगा त्याच पानावर होता. वाचनालयाच्या प्रतीत अध्यक्ष आज चार वर्षं पावसात ज्वारीत बसून आहेत आणि त्यांना बाहेर काढायला कोणी गेलेलं नाही.

तुम्ही विचाराल, चार वर्षं तू काय करत होतास? पंचाहत्तर साल आलं, आणीबाणी लागली, आणि ज्या छापखान्यात मी पत्रकं छापायचो त्याचा मालक हात जोडून म्हणाला, लग्नपत्रिका असली तर आण. मग साहेब आजारी पडले आणि मुलगी त्यांना डोंगरकड्याला घेऊन गेली. तिथं वाचनालय नाही. गेल्या महिन्यात मी जाऊन आलो. अंगणात बाजेवर बसले होते. एका डोळ्याने दिसतं. मिळेल ते वाचतात. खताच्या रिकाम्या पोत्यावरचा मजकूर त्यांनी मला वाचून दाखवला आणि म्हणाले, "याला काय म्हणायचंय ते कळतं तरी." जावयाच्या घरी आलेल्या पंचायतीच्या नोटिशीवर त्यांनी शेरा मारला होता, त्यावरून जावई धास्तावलेला होता.

मी विचारलं, साहेब, तुम्हाला काय पाहिजे? म्हणाले, "आमचं राहू दे. तुमच्या कार्डांचं काय झालं?" मग म्हणाले, "ती पिशवीतली कादंबरी. शेवट माहीत हाय. तो भाऊ तिला घराबाहेर काढतो. चांगला होता रे सुरुवातीला. काहून काढलं, तेवढं वाचायचं राहिलं."

एवढंच पाहिजे आहे. पुढचं तुमच्यासाठी.

वाचनालयाची वार्षिक सभा येत्या रविवारी सकाळी दहाला, वाचनालयातच आहे. पेशकारसाहेबांची हकालपट्टी रद्द करावी, त्यांनी जामीन दिलेली सगळी कार्डं परत द्यावीत, आणि ती कादंबरी डोंगरकड्याला पोचवावी, असा एक ठराव मांडला जाणार आहे. मांडायला एक जुने सभासद तयार झाले आहेत. अनुमोदन द्यायला अजून कोणी नाही. मी सभासद नाही, मला आत बसता येत नाही आणि हात वर करता येत नाही. तुम्ही सभासद आहात. वर्गणी थकली असली तरी मत देता येतं, नियमावली मी वाचली आहे. कोणी नाही म्हणालं तर नियम दाखवायला सांगा.

या. अनुमोदन द्या. हात वर करा, आणि लवकर खाली घेऊ नका. मोजणारा माणूस त्यांचा आहे.